परसातील जून कोंबडा व मंद आचेवरील शिजवण

ग्रामीण भागात परसात दहा-पंधरा कोंबड्या बाळगणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. अंड्यांपासून थोडेफार उत्पन्न मिळावे व घरच्या माणसांना अधूनमधून सकस अन्न मिळावे, हा त्यामागील हेतू असतो. अंडी देणाऱ्या कोंबडीची काळजी प्रत्येक घरी घेतली जाते. परंतु पिलांबरोबर वाढलेल्या नरांचे काय करावयाचे, ह्याचा विचार वेळेवर होत नाही. असे कोंबडे वर्ष-दीड वर्ष खाद्य खात राहतात व अखेरीस फेरीवाल्या व्यापाऱ्यास मिळेल त्या भावाने दिले जातात. घरी कापल्यास त्यांचे मांस वातड निघते, शिजता शिजत नाही, सरपण मात्र फार जळते, अशी गृहिणींची तक्रार असते.

ही तक्रार खरी आहे. परंतु दोष कोंबड्याचा नसून शिजविण्याच्या रीतीचा आहे. बाजारात मिळणारा ब्रॉयलर पक्षी सुमारे सहा आठवड्यांचा असतो. त्याचे मांस कोवळे असल्याने पाऊण तासात शिजते. तीच रीत दीड वर्षाच्या कोंबड्यास लावली तर तो वातडच राहणार. जून कोंबड्यास पाणी, सौम्य उष्णता व वेळ ह्या तीन गोष्टी पुरेशा मिळाल्या, तर त्याचे मांस मऊ होते आणि रस्साही कोवळ्या पक्ष्याच्या रश्श्याहून दाट व चवदार उतरतो. हे कसे घडते व घरी कसे साधावे, ह्याची माहिती ह्या लेखात दिली आहे.

कळपात नर किती असावेत

उबवलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या पिलांपैकी साधारणपणे निम्मी पिले नर असतात. खुडूक कोंबडीखाली उबवलेल्या गावठी पिलांस हे जसे लागू आहे, तसेच गिरिराज, वनराजा ह्यांसारख्या सुधारित जातींच्या नर-मादी निवड न केलेल्या पिलांसही लागू आहे. उलटपक्षी, फलित अंडी मिळविण्यासाठी आठ ते दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा पुरेसा असतो. म्हणजे वीस पिले जगली तर त्यांतील आठ-नऊ नर कळपाच्या दृष्टीने जादा ठरतात.

कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी देत नाही, असा समज काही ठिकाणी आहे. तो बरोबर नाही. कळपात नर नसला तरी कोंबडी नेहमीप्रमाणे अंडी देते; केवळ त्या अंड्यांतून पिले निघत नाहीत. खाण्यासाठी व विक्रीसाठी अशी अंडी अधिक सोयीची असतात. फलित अंड्यातील जीव साधारण २१ अंश सेल्सिअसच्या वरील उष्णतेत वाढू लागतो व उन्हाळ्यात असे अंडे लवकर खराब होते. नर काढून घेतल्यानंतर दोन ते तीन आठवडे मात्र काही अंडी फलित निघू शकतात, हे लक्षात ठेवावे.

जादा नर ठेवल्याने आणखीही नुकसान होते. ते आपसांत झुंजतात, कोंबड्यांच्या पाठीची पिसे उपटतात व तलंगांना खाद्याजवळ येऊ देत नाहीत. पूर्ण वाढीचा पक्षी दिवसास सुमारे १०० ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक खाद्य खातो. तीन जादा कोंबडे असले तर महिन्यास नऊ किलोग्रॅम खाद्य त्यांच्याकडे जाते. त्यातील काही भाग ते परसात हिंडून, किडे व सांडलेले दाणे वेचून मिळवीत असले, तरी तेच किडे व तेच दाणे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या वाट्याचे असतात.

ह्यासाठी नरांची निवड चौथ्या-पाचव्या महिन्यात करावी. अंगाने भरदार, चपळ, सरळ पायांचा व तेजस्वी तुऱ्याचा एक नर पैदाशीसाठी व एक राखीव म्हणून ठेवावा. बाकीचे विक्रीस काढावेत किंवा घरी वापरावेत. पौष महिन्यात निघालेली पिले आषाढात सहा-सात महिन्यांची होतात. श्रावण लागण्यापूर्वी गावोगाव कोंबड्यांस मागणी वाढते, तेव्हा हे तरुण नर विकणे फायद्याचे ठरते. पैदाशीचे काम संपलेला जून कोंबडा मात्र पडेल भावाने विकण्यापेक्षा घरच्या आहारासाठी वापरणे अधिक शहाणपणाचे होय.

वय कसे ओळखावे

शिजविण्यास किती वेळ लागेल हे पक्ष्याच्या वयावर अवलंबून असते. नोंद ठेवलेली नसेल तर दोन खुणांवरून अंदाज बांधता येतो. पहिली खूण उराच्या हाडाची. छातीच्या मधोमध असलेल्या ह्या हाडाचे मागील टोक बोटाने दाबून पाहावे. कोवळ्या पक्ष्यात ते कूर्चेचे असल्याने वाकते. जून पक्ष्यात ते कठीण होते व वाकत नाही. दुसरी खूण पायाच्या मागील बाजूस येणाऱ्या काट्याची. पाच-सहा महिन्यांच्या नरात तो गाठीएवढाच असतो. वर्षानंतर तो लांब, टोकदार व कठीण होतो. पायांवरील खवल्यांचा खरखरीतपणाही वयाबरोबर वाढतो.

मांस वातड का होते

मांस म्हणजे अतिशय बारीक तंतूंच्या जुड्या होत. शेतात कापलेल्या पिकाच्या पेंढ्या जशा बंधाने बांधतात, तशा ह्या जुड्या एका चिवट, पांढुरक्या आवरणाने बांधलेल्या असतात. हे आवरण मुख्यतः कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. पिलाच्या अंगात कोलाजेनचे धागे एकमेकांशी सैल जोडलेले असतात व उष्णतेने लवकर सुटतात. पक्ष्याचे वय वाढते तसतसे हे धागे एकमेकांत घट्ट गुंततात. त्यातही जो पक्षी दिवसभर उकिरडे उकरतो, धावतो, उडून झाडावर बसतो, त्याच्या मांड्यांचे व पायांचे स्नायू अधिक राबलेले असतात. म्हणून परसातील कोंबड्याची तंगडी सर्वांत चिवट असते.

शिजताना मांसात दोन क्रिया घडतात. पहिली क्रिया तंतूंची. उष्णता लागताच ते आकसतात व आपल्यातील पाणी बाहेर टाकतात. दुसरी क्रिया कोलाजेनची. सुमारे ६० ते ६५ अंशांस कोलाजेन प्रथम आकसते व मांस अधिकच आवळले जाते. त्यानंतर पाण्यात ७० अंशांहून अधिक उष्णता बराच वेळ टिकली म्हणजे ते हळूहळू विरघळून त्याचे जिलेटीन बनते. जिलेटीन मऊ व पाण्यात मिसळणारे असते. तेच रश्श्यास दाटपणा व ओठांस किंचित चिकटपणा देते. थंड झाल्यावर रस्सा आळतो, तोही जिलेटीनमुळेच.

ह्यावरून गृहिणींच्या तक्रारीचा उलगडा होतो. पहिल्या तासाभरात तंतू आकसलेले असतात, परंतु कोलाजेन विरघळलेले नसते. म्हणून ह्या वेळी तुकडा दाबून पाहिला तर तो कच्च्या मांसाहूनही कठीण लागतो. कोंबडा शिजत नाही असे समजून चुलीत आणखी लाकडे सारली जातात. रस्सा खळखळून उकळू लागतो. त्यामुळे कोलाजेन विरघळण्याचे काम फारसे लवकर होत नाही; तंतू मात्र अधिक पिळले जातात, पाणी आटते व मांस चोथ्यासारखे होते. पाणी एकदा उकळू लागले की उघड्या भांड्यात त्याची उष्णता १०० अंशांच्या वर जात नाही; अधिक जाळाने केवळ वाफ अधिक होते. सबब जाळ वाढविणे म्हणजे सरपण वाया घालविणे होय.

कापण्यापूर्वी व कापल्यानंतर

निरोगी पक्षीच खाण्यासाठी घ्यावा. मलूल, तुरा काळवंडलेला, श्वास घेताना धापा टाकणारा किंवा हिरवट हगवण लागलेला पक्षी कापू नये. मानमोडी किंवा अन्य रोगाने मेलेला पक्षी कोणत्याही कारणास्तव खाऊ नये. तो खोल पुरावा. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे सन २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लूची लागण आढळली, ती भारतातील पहिली होय. तेव्हापासून पक्ष्यांत अचानक मरतूक दिसल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळविणे आवश्यक मानले जाते. पक्ष्यास औषध दिले असेल तर किती दिवस त्याचे मांस वर्ज्य करावे, हेही पशुवैद्यास विचारावे.

आदल्या रात्री पक्षी खुराड्यात असतानाच पकडून डालग्याखाली ठेवावा. सकाळी अंगणभर पळवून पकडलेल्या पक्ष्याचे मांस चांगले होत नाही. रात्रभर खाद्य देऊ नये, पाणी मात्र ठेवावे. त्यामुळे अन्नाची पिशवी व आतडी रिकामी होतात व साफ करताना मांसास घाण लागत नाही. धारदार सुरी वापरावी व रक्त पूर्णपणे वाहू द्यावे.

पिसे काढण्यासाठी पक्षी गरम पाण्यात बुडवितात. हे पाणी उकळते नसावे. सुमारे ६० अंशांचे पाणी व पाऊण ते एक मिनिट एवढा वेळ पुरतो. उकळत्या पाण्याने कातडी फाटते. पिसे उपटल्यावर बारीक लव जाळावर भाजून काढावी. आतील अवयव काढताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. काळीज वेगळे काढून ठेवावे. पिसे व आतडी उघड्यावर न टाकता खड्ड्यात पुरावीत, कारण कुत्री व कावळे त्यांतून रोग पसरवितात. कच्च्या मांसास लागलेली सुरी, पाट व हात साबणाने धुतल्याशिवाय भाजी किंवा भाकरीस लावू नयेत.

कापल्यानंतर काही वेळात मांस ताठरते व पुढे काही तासांनी पुन्हा सैल होते. ज्यांच्या घरी शीतकपाट आहे त्यांनी साफ केलेला कोंबडा झाकून एक दिवस त्यात ठेवावा व मग शिजवावा. त्याने मऊपणास मदत होते. शीतकपाट नसेल तर मांस ठेवण्याच्या भरीस पडू नये. उष्ण हवेत दोन तासांच्या आत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभराच्या आत, ते चुलीवर चढले पाहिजे. अशा वेळी शिजविण्याचा अवधी थोडा वाढवावा.

मुरवण

हळद, मीठ, आले-लसणाचे वाटण व दही लावून मांस अर्धा-एक तास झाकून ठेवण्याची पद्धत चांगली आहे. मिठाने मांसात ओलावा टिकतो. कच्च्या पपईच्या चिकात पपेन नावाचा द्रव्यविशेष असतो. तो मांसाचे बंध तोडतो. एक किलोग्रॅम मांसास किसलेल्या कच्च्या पपईचा एक मोठा चमचा पुरे होतो. पपईचा परिणाम मुख्यतः तुकड्याच्या वरच्या थरावर होत असल्याने ती अधिक घातल्यास बाहेरून पिठूळ व आतून चिवट असे मांस मिळते. पपई ही मदतनीस आहे. मंद शिजवणीची जागा ती घेऊ शकत नाही.

शिजविण्याची रीत

जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे पातेले घ्यावे. पितळेचे किंवा तांब्याचे भांडे असेल तर कल्हई शाबूत असल्याची खात्री करावी. विशेषतः कोकम किंवा दही घालावयाचे असल्यास ही काळजी फार आवश्यक आहे.

दोन किलोग्रॅम वजनाच्या जिवंत कोंबड्यापासून सुमारे सव्वा ते दीड किलोग्रॅम हाडांसह मांस मिळते. त्याचे मध्यम आकाराचे तुकडे करावेत. पातेल्यात तीन-चार चमचे तेल तापवून चिरलेला कांदा परतावा व त्यावर मुरवलेले मांस घालून आठ-दहा मिनिटे परतावे. तंगडीचे व मांडीचे तुकडे तळाशी आणि छातीचे तुकडे वर राहतील असे पाहावे, कारण छातीच्या मांसात कोलाजेन कमी असल्याने ते लवकर शिजते व जास्त वेळ उष्णतेत राहिल्यास कोरडे पडते.

ह्यानंतर पातेल्यावर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओतावे. पातेल्यातील वाफ त्या झाकणास लागून पुन्हा आत ठिबकते, आणि झाकणावरील पाणी आयतेच तापते. रश्श्यास पाणी लागेल तेव्हा हेच गरम पाणी घालावे. थंड पाणी घातल्यास शिजण्याची क्रिया मध्येच खंडित होते. ही आपल्या घराघरांतील जुनी रीत आहे व ती पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे.

तुकडे जेमतेम बुडतील एवढे गरम पाणी घालून एक उकळी आणावी. उकळी येताच जळती लाकडे मागे ओढून केवळ निखाऱ्यांवर भांडे ठेवावे. गॅसची शेगडी असल्यास आच अगदी बारीक करावी. रश्श्याच्या पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, खळखळ होऊ नये, ही योग्य आचेची खूण. झाकण वारंवार उघडू नये. पाणी आटते आहे काय, हे अर्ध्या तासाने एकदा पाहिले म्हणजे पुरे.

शिजण्यास लागणारा वेळ अजमासे पुढीलप्रमाणे समजावा :

चार ते सहा महिन्यांचा नर : मंद आचेवर पाऊण ते एक तास, प्रेशर कुकरमध्ये सुमारे १५ मिनिटे.

सात ते बारा महिन्यांचा : मंद आचेवर दीड ते दोन तास, कुकरमध्ये २० ते २५ मिनिटे.

एक वर्षावरील : मंद आचेवर अडीच ते तीन तास, फार जून असल्यास त्याहूनही अधिक, कुकरमध्ये ३५ ते ४० मिनिटे.

कुकरमधील वेळ पूर्ण दाब आल्यानंतर, आच कमी करून मोजावा. कुकरमध्ये दाबामुळे उष्णता १२० अंशांच्या जवळपास जाते व म्हणून काम लवकर होते. दाब आपोआप उतरू द्यावा. शिटी उचलून वाफ एकदम सोडल्यास आतील रस्सा जोराने उकळतो व मांस कोरडे होते.

मांडीचे मांस हाडाच्या टोकापासून मागे सरकू लागले व तुकड्यात काडी सहज शिरली, म्हणजे कोंबडा शिजला असे समजावे. घड्याळापेक्षा ह्या खुणेवर विश्वास ठेवावा.

भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण व मसाला शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत घालावा. आरंभीच वाटण घातल्यास रस्सा दाट होऊन बुडास लागतो व दीर्घकाळ मंद आच देणे शक्य होत नाही. कोकणात ओल्या नारळाचे वाटण व कोकम, घाटावर सुके खोबरे, तीळ व कांदा-लसूण मसाला, खानदेशात काळा मसाला, अशी ज्या त्या भागाची चव असते. ती कोणतीही असो, आधी मांस व मागाहून वाटण हा क्रम सर्वत्र उपयोगी पडतो.

गवताच्या पेटीचा उपयोग

तीन तास चुलीजवळ बसणे शेतावर जाणाऱ्या गृहिणीस शक्य नसते व तेवढा वेळ धुरात काढणे प्रकृतीसही हितकर नाही. ह्यावर गवताची पेटी हा सोपा उपाय आहे. उकळते पातेले चांगले गुंडाळून ठेवले तर आतील उष्णता कित्येक तास टिकते आणि विस्तवाशिवाय शिजण्याचे काम चालू राहते, हे ह्या पेटीचे तत्त्व होय.

मोठी टोपली किंवा लाकडी खोके घ्यावे. तळाशी व चारही बाजूंनी निदान १० सेंटिमीटर जाडीचा कोरडा पेंढा किंवा गवत दाबून भरावे व मधोमध पातेल्याच्या मापाची जागा ठेवावी. त्या जागेत गोणपाट अंथरावे. वर झाकण्यासाठी पेंढ्याने भरलेली उशी किंवा जाड गोधडी तयार ठेवावी.

वर सांगितल्याप्रमाणे मांस परतून, पाणी घालून ते चुलीवर झाकण ठेवून ४० मिनिटे शिजवावे. पातेले तीन-चतुर्थांशाहून कमी भरलेले नसावे, कारण थोडा रस्सा लवकर निवतो. भांडे उकळत असतानाच खाली उतरवावे, बुडास निखारा चिकटलेला नाही ह्याची खात्री करून घ्यावी व झाकण न उघडता पेटीत ठेवून वरून नीट झाकावे. चार तास पेटी उघडू नये. पेटीत वाफ निघून जात नसल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी घालावे.

चार तासांनंतर पातेले काढून पुन्हा चुलीवर ठेवावे, खळखळून उकळी आणावी, वाटण घालावे व वीस मिनिटे शिजवून वाढावे. ही दुसरी उकळी कधीही टाळू नये. रस्सा ६० अंशांच्या खाली निवून तसाच राहिला तर त्यात अपायकारक जंतू वाढण्याचा धोका असतो. पाच तासांहून अधिक काळ भांडे पेटीत ठेवू नये. सकाळी चूल पेटलेली असतानाच पातेले तयार करून पेटीत ठेवले, तर दुपारी शेतावरून परतल्यावर केवळ अर्ध्या तासाचे काम उरते. ज्वारी-बाजरीच्या कण्या, कडधान्ये व भात ह्यांसाठीही ही पेटी उपयोगी पडते.

रस्सा व फोडी : कोणाच्या पानात काय

आजारी माणसास, बाळंतिणीस व लहान मुलांस कोंबड्याचा अळणी रस्सा देण्याची प्रथा आहे. गरम रस्सा पचनास हलका असतो व त्याने तोंडास चव येते, हे खरे. तथापि सर्व सत्त्व रश्श्यात उतरते व फोडी म्हणजे उरलेला चोथा, ही समजूत चुकीची आहे. मांसातील बहुतेक प्रथिने शिजल्यानंतरही फोडींतच राहतात. रश्श्यात मुख्यतः जिलेटीन, क्षार व थोडी चरबी असते. जिलेटीन हे प्रथिन असले तरी अपुरे आहे. शरीरास आवश्यक असलेले ट्रिप्टोफॅन हे घटकद्रव्य त्यात नसते. केवळ रश्श्यावर मुलाची वाढ होणार नाही.

पुष्कळ घरांत फोडी कर्त्या पुरुषांच्या पानात पडतात व रस्सा-भाकरी बायका-मुलांच्या वाट्यास येते. त्यास एक कारण मांसाचा वातडपणाही आहे, कारण लहान मुलांस व दात नसलेल्या वृद्धांस ते चावता येत नाही. नीट शिजलेल्या कोंबड्यात ही अडचण उरत नाही. शंभर ग्रॅम निव्वळ कच्च्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. दोन किलोग्रॅमच्या कोंबड्यापासून पाऊण किलोग्रॅमच्या आसपास निव्वळ मांस मिळाले, तर त्यातून दीडशे ग्रॅम प्रथिने घरास मिळतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांस आणि वाढत्या मुलांस ह्या प्रथिनांची गरज सर्वांत अधिक असते. म्हणून वाढताना फोडी प्रथम त्यांच्या पानात पडाव्यात.

लहान मुलांसाठी मांस हाडापासून सोडवून, बोटांनी बारीक कुस्करून रश्श्याबरोबर भातात किंवा भाकरीत मिसळून द्यावे. मंद शिजवणीत बारीक हाडे सुटून रश्श्यात पडतात. ती चाचपून काढल्याशिवाय मुलास घास देऊ नये. काळजात लोह व अ जीवनसत्त्व विपुल असते. ते एकालाच न देता सर्वांना थोडे थोडे वाटावे. मांडीच्या मांसात छातीच्या मांसापेक्षा लोह अधिक असते, हेही ध्यानात ठेवावे.

उरलेला रस्सा दोन तासांहून अधिक उघडा ठेवू नये. शीतकपाट असल्यास त्यात झाकून ठेवावा व दुसऱ्या दिवशी खळखळून उकळूनच खावा. ते नसल्यास शिजविलेले अन्न त्याच दिवशी संपवावे. शेजारच्या घरी वाटी पाठविणे हा सर्वांत चांगला उपाय होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

वरील गोष्टी तोंडी सांगण्यापेक्षा करून दाखविल्यास लवकर पटतात. पशुसखी, अंगणवाडी सेविका किंवा महिला मंडळाच्या कार्यकर्त्या ह्यांनी गावात एक छोटे प्रात्यक्षिक घ्यावे. एकाच जून कोंबड्याच्या दोन तंगड्या घ्याव्यात. मीठ, हळद व पाणी दोन्हींस सारखेच घालावे. पहिली तंगडी जोराच्या जाळावर एक तास उकळावी. दुसरी ४० मिनिटे शिजवून गवताच्या पेटीत चार तास ठेवावी व पुन्हा उकळून घ्यावी. दोन्हींसाठी जाळलेले सरपण आधी व नंतर तोलून ठेवावे. एक तंगडी म्हणजे थोडे मांस असल्याने दुसऱ्या पातेल्यात इतर तुकडे व पुरेसे पाणी घालून ते भरते करावे. पेटी सकाळीच भरावी म्हणजे सभा भरण्याच्या वेळेस ती उघडता येईल. दोन्ही तंगड्यांचे मांस जमलेल्या स्त्रियांस स्वतः तोडून पाहण्यास द्यावे.

त्याच सभेत प्रत्येक घरी कोंबड्या किती व नर किती, ह्याची विचारपूस करावी. जादा नर आढळल्यास कोणते विकावेत, कोणते घरी वापरावेत व कोणता पैदाशीस ठेवावा, हे घरच्या स्त्रीबरोबर बसून ठरवावे. कारण परसातील कोंबड्यांची देखभाल बहुधा तीच करते. नवीन पिले घ्यावयाची असल्यास पशुसंवर्धन विभागाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांची माहिती द्यावी. अशी केंद्रे पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत.

परसातील कोंबडा वाढविण्यास कुटुंबाने वर्षभर दाणा व श्रम खर्च केलेले असतात. तो वेळेवर कापला, स्वच्छ रीतीने साफ केला व मंद आचेवर धीराने शिजविला, तर त्या खर्चाचे चीज होते. तीन तासांची सौम्य आच किंवा चार तासांची गवताची पेटी एवढ्याने घरातील लहानात लहान मूलही ज्याचा घास घेऊ शकेल असे अन्न तयार होते. त्या मुलाच्या पानात त्यातील एक फोड पडेल, हे पाहणे मात्र वाढणाऱ्याच्या हाती आहे.